गोपाळकाला की वाढलेले ताट?

संगणकावर एक पान उघडावे, तर त्यात बातमी एकीकडची, हवामान दुसरीकडचे. हे सारे एका पानात वाढतो कोण?

टेड नेल्सन या अमेरिकन माणसाने १९६० पासून 'झॅनाडू'चा ध्यास घेतला. 'हायपरटेक्स्ट' हा शब्द त्याचाच, १९६५ चा. दुसऱ्याचा मजकूर उतरवून घेऊ नये. तो मूळ जागी राहूनच आपल्या लेखात दिसावा, मुळाशी नाते तुटू नये, हे त्याचे स्वप्न. ते काही जगभर रुजले नाही.

पुढे १९९९ मध्ये स्टेफानो माझ्झोकी या इटालियन तरुणाने अपाचीच्या छत्राखाली 'कोकून' ही प्रणाली सुरू केली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत एक तक्ता असे: कोणत्या पानासाठी काय कुठून आणायचे. वाचकाने पान मागितले की ठिकठिकाणचे तुकडे गोळा होत, मग त्यांवर रूप चढे. मूळ मजकूर दुरुस्त केला की पानही सुधारे.

गंमत पुढेच आहे. प्रत्येक तुकड्याला वेगळी खूण लावायची सोय कोकूनमध्ये होती. पण ती वाचकाला दाखवायची की पुसायची, हे पान रचणाऱ्याच्या हाती. यंत्र जोडून देते. श्रेय माणसानेच द्यायचे.

गोपाळकाल्यात कुणाची शिदोरी कुठली, हे विसरण्यातच गोडी. लेखनाचे तसे नाही. इथे ताट हवे, प्रत्येक पदार्थ आपल्या जागी. म्हणून कुणाची कविता पुढे पाठवताना खालचे नाव तेवढे गाळू नका.