बॉयलरांची लढाई

टेक्निकलच्या तासाला कानस घासलेल्या आपल्यासारख्यांना हा लंडनचा वाद नक्की आवडेल. १९२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये अडीच इंची रुळांवरची हौशी वाफेची इंजिने बहुधा स्पिरिटच्या ज्योतीवर चालत. एवढ्याशा बॉयलरात कोळसा काय जळणार, असे भलेभले म्हणत. 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणारा कर्ली लॉरेन्स हा पूर्वीचा रेल्वे कामगार. त्याला ते पटेना. १९२४ च्या 'मॉडेल इंजिनिअर' प्रदर्शनात त्याची कोळशावरची 'आयेशा' बॅसेट-लोक कंपनीच्या स्पिरिटवाल्या इंजिनासमोर उतरली आणि चक्क मोठी माणसे ओढू लागली.

मर्म धुराड्यात होते. वापरलेली वाफ नळीतून वर सोडली की ती आगीतून हवा खेचते. ओझे वाढले की विस्तव आपोआप फुलतो. स्पिरिटला हे साधत नाही. नळीचे तोंड जरा तिरके बसले तरी इंजिन मरगळते, म्हणून जाणता कारागीर दुरुस्तीला आलेल्या इंजिनात आधी तिथेच डोकावतो. (मोटारसायकलवाले मित्र यावर मान डोलावतील!)

पुढे लॉरेन्सने हौशी लोकांसाठी सोप्या भाषेत आराखडे लिहिले. त्यांवरून घरच्या लेथवर बनलेली इंजिने आजही क्लबांच्या रुळांवर धावतात.