पंधरा अँपिअरचं घराणं

इलेक्ट्रिक मोटरसायकल घरी किती वेगाने चार्ज व्हावी, याची पहिली मर्यादा ती गाडी रस्त्यावर येण्याच्या कितीतरी आधी आखली गेली. ती आखली हीटरने आणि शेगडीने.

आपल्या भिंतीवरचा पॉवर पॉइंट मूळचा ब्रिटनचा. तिथल्या घरांत वीज आधी आली ती दिव्यांसाठी. मागून विजेवरच्या शेगड्या आणि हीटर आले, तेव्हा त्यांच्यासाठी जाड तारांचं वेगळं वायरिंग करावं लागलं. दिव्याच्या विजेचा दर वेगळा, पॉवरचा वेगळा. गोल पिनांच्या प्लगांची मापं 1934 साली ‘ब्रिटिश स्टँडर्ड 546’मध्ये नक्की झाली. त्यातले 5 आणि 15 अँपिअरचे प्लग आपल्याकडे रुजले. लहान प्लगच्या दोन पिना सुमारे 5 मिलिमीटर जाडीच्या, मोठ्याच्या सुमारे 7. हा फरक उष्णतेपोटी आहे. त्याच तारेतून दुप्पट करंट नेला की ती चौपट तापते. अर्थिंगची पिन लांब ठेवली, म्हणजे प्लग घालताना ती सगळ्यांत आधी टेकते आणि काढताना शेवटी सुटते. कुणाचा जीव जाऊ नये म्हणून एका पिनेच्या लांबीचाही विचार करणाऱ्या त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पुढे 1947 साली ब्रिटनने चौकोनी पिनांच्या 13 अँपिअरच्या प्लगचं मानक आणलं आणि गोल पिना तिथल्या घरांतून हळूहळू गेल्या. आपण त्या ठेवल्या. आता सॉकेटवर 6 आणि 16 असे आकडे असतात, पण बोलताना अजून ‘पंधराचा प्लग’च म्हटलं जातं.

पंधराला 220 व्होल्टने गुणलं की 3,300 वॅट होतात. सरकारने 2017 मध्ये ‘भारत एसी-001’ या सार्वजनिक चार्जरचे तपशील ठरवले, तेव्हा प्लग औद्योगिक धाटणीचा घेतला, पण दर आउटलेटला ताकद दिली 3.3 किलोवॅटच. हा आकडा गिझर-इस्त्रीच्याच घराण्यातला. आणि तो कमी नाही. अमेरिकेतल्या साध्या घरगुती सॉकेटमधून गाडी चार्ज करताना 120 व्होल्ट आणि 12 अँपिअर, म्हणजे जेमतेम 1.4 किलोवॅट मिळतात. हार्ले-डेव्हिडसनची 2019 सालची लाइव्हवायर अशा सॉकेटवर रात्रभर लावून ठेवावी लागते, कारण तिची बॅटरी 15.5 किलोवॅट-तासांची. तीच गाडी डीसी फास्ट चार्जरवर 40 मिनिटांत 80 टक्के भरते.

आपल्या मोटरसायकली मात्र मिळणारे 3.3 किलोवॅटही पुरते घेत नाहीत. रिव्होल्टच्या आरव्ही 400 ची बॅटरी 3.24 किलोवॅट-तासांची, आणि ती पूर्ण भरायला कंपनी साडेचार तास सांगते. भागाकार केला तर सरासरी पाऊण किलोवॅटसुद्धा पडत नाही. इथे दुसरी मर्यादा सुरू होते, बॅटरीची. फार जोराने चार्ज केलं, तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरायच्या ऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचतो. त्याने बॅटरीचं आयुष्य घटतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. मोटारीच्या मोठ्या बॅटरीत तोच करंट अनेक सेलमध्ये वाटला जातो, शिवाय तिला गार ठेवायला पाणी खेळवता येतं. दुचाकीत ना तेवढे सेल, ना तेवढी जागा. चार्जर गाडीवर चढवला तर त्याचं वजन आणि त्याची उष्णताही गाडीनेच वाहायची. शेवटचा टप्पा तर मुद्दाम संथ असतो. बॅटरी भरत आली की व्होल्टेज तेवढंच धरून करंट कमी कमी केला जातो. ‘नव्वद टक्क्यांवर अडकली’ ही तक्रार त्यामुळेच ऐकू येते.

या संथपणाची मला खंत वाटत नाही. काळजी वाटते ती जुन्या सॉकेटची. गिझर पाणी तापलं की आपोआप बंद पडतो, इस्त्रीही मधूनमधून थांबते. गाडी मात्र तासन्‌तास सलग वीज ओढते. पत्ती सैल झाली असेल, स्क्रू ढिला असेल, तर जोड तापतो आणि भोकांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडतं. असा डाग दिसला की तो सॉकेट त्या दिवशीच बदलावा. गाडीसाठी अर्थिंगसह स्वतंत्र लाइन आणि वेगळा एमसीबी घ्यावा.

घराबाहेरच्या चार्जिंगचं घराणं अजून कोवळं आहे. एथर या इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या कंपनीने 2021 मध्ये आपला कनेक्टर इतर कंपन्यांना खुला केला. हलक्या वाहनांसाठी एसी आणि डीसी एकाच तोंडात घेणाऱ्या त्या देशी कनेक्टरला 2023 मध्ये भारतीय मानक ब्युरोची मान्यता मिळाली. त्याच आयएस 17017 मालिकेत हलक्या वाहनांच्या डीसी चार्जिंगसाठी दुसराही एक कनेक्टर मानक म्हणून आहे. एकाचा प्लग दुसऱ्याच्या गाडीत बसत नाही. पंधराचा प्लग कुठल्याही गावात, कुठल्याही कंपनीच्या सॉकेटमध्ये बसतो. तेवढी सोय होईपर्यंत फास्ट चार्जरचे किलोवॅट वाढवण्याआधी त्यांचं तोंड एक करावं, असं माझं ठाम मत आहे.