आकडा तोच, जागा वेगळी

आपल्या शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक शिक्षकांना पाठच असतो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यातील शाळांचे क्रमांक 2719 ने सुरू होतात, शेजारच्या जालन्याचे 2718 ने. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. मध्ये ना स्वल्पविराम, ना मोकळी जागा. तरी क्रमांक वाचता येतो, कारण कोणत्या घरात काय लिहायचे हे आधी ठरले आहे. अशा नोंदी एकाखाली एक लिहिल्या, की ठरावीक रुंदीची फाइल तयार होते. ही पद्धत आली कोठून, आणि ती वाचताना जपावे का लागते, हे पाहू.

1890 च्या अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी प्रत्येक माणसाची माहिती कार्डावर छिद्रे पाडून नोंदवली आणि ती यंत्राने मोजली. 1928 मध्ये आयबीएम कंपनीने 80 स्तंभांचे कार्ड आणले. एका स्तंभात एकच अंक किंवा अक्षर. अवघ्या 80 घरांत एका कुटुंबाची माहिती बसवायची, तर स्वल्पविरामासाठी घर खर्च करणे परवडणारे नव्हते. मग उत्तरांना संकेतांक दिले गेले आणि ते शेजारीशेजारी ठेवले गेले. भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, ती याच कार्डांच्या काळात.

पुढे संगणक आले. 1968 मध्ये एसपीएसएस आणि 1970 च्या दशकात एसएएस या संख्याशास्त्रीय आज्ञावली तयार झाल्या. माहिती वाचण्यापूर्वी त्यांना सांगावे लागे, की अमुक स्तंभापासून तमुक स्तंभापर्यंत वय, पुढे शिक्षण, पुढे खर्च. कार्डे गेली, चुंबकीय फिती आणि सीडीही मागे पडल्या. पण ओळींची ठेवण टिकून राहिली. नमुना पाहणीच्या कुटुंबवार नोंदी अभ्यासकांना मिळू लागल्या, त्याही अशाच फाइलींतून. फाइलीसोबत मांडणीचा तक्ता असतो. तो नसेल तर फाइल मुकी.

एक उदाहरण घेऊ. 61 व्या फेरीच्या (2004-05) मांडणीप्रमाणे 1227419 हा तुकडा असा वाचायचा: 1 म्हणजे केंद्राचा नमुना, 2 म्हणजे शहरी, 274 म्हणजे महाराष्ट्रातील मराठवाड्याचा विभाग आणि 19 म्हणजे औरंगाबाद जिल्हा. आता वाचन एकच स्तंभ आधी सुरू झाले असे समजा. शहरी-ग्रामीणच्या घरात 1 येईल, म्हणजे ग्रामीण. राज्य व विभागाच्या घरात 227 येईल, आणि 22 हा छत्तीसगडचा संकेतांक आहे. औरंगाबाद शहरातले कुटुंब छत्तीसगडच्या खेड्यात जाऊन बसेल! संगणक तक्रार करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने हे अंकच आहेत.

याने काय बिघडते? वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये भारतातील दारिद्र्याचा प्रसिद्ध अभ्यास मांडला. त्यांचा आधार होता नमुना पाहणीचे प्रसिद्ध झालेले तक्ते. 1960-61 च्या किंमतींनुसार दरमहा दरडोई किमान खर्च त्यांनी खेड्यांत 15 रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये धरला. म्हणजे दरडोई 20 रुपये खर्च करणारे कुटुंब शहरात गरीब ठरते, खेड्यात ठरत नाही. शहरी-ग्रामीणचा तो एक अंक चुकला, की एक गरीब कुटुंब हिशेबातून नाहीसे होते.

दुसरी अडचण काळाची. औरंगाबाद जिल्ह्याचा संकेतांक 2001 च्या जनगणनेत 19 होता, 2011 मध्ये 515 झाला. 1 मे 1981 रोजी जालना वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे त्याआधीचा ‘औरंगाबाद’ हा आकडा मोठ्या प्रदेशाचा आहे. 2023 मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. नाव, संकेतांक आणि सीमा या तीन गोष्टी स्वतंत्रपणे बदलतात. म्हणून मांडणीच्या तक्त्यावर वर्ष हवेच.

अशी फाइल हाती आली की आम्ही तीन गोष्टी करतो. पहिल्या काही ओळी तक्ता शेजारी ठेवून डोळ्यांनी वाचतो. प्रत्येक स्तंभात न शोभणारे अंक आहेत का ते तपासतो. वरच्या उदाहरणात जिल्हा 41 दिसताच शंका यायला हवी, कारण 2001 मध्ये छत्तीसगडचे जिल्हे होते अवघे 16. आणि आपण काढलेली एखादी बेरीज प्रसिद्ध अहवालाशी ताडून पाहतो.

वर्गात हे सहज करून दाखवता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक दोन घरांत, वय दोन घरांत, उंची सेंटिमीटरमध्ये तीन घरांत, अशा ओळी चौकटीच्या कागदावर लिहून घ्या. हजेरी क्रमांक 7 असेल तर 07 लिहायला सांगा. शून्य गाळले तर काय होते ते मुलेच शोधतील. मग एका गटाला तक्ता न देता ओळी वाचायला द्या. आकडा नुसता लिहून भागत नाही, त्याचा अर्थही जपून ठेवावा लागतो, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.