वसईचा दुभाषी

तामीळ देशात शेंगदाण्याला 'मनिलाकोट्टै' असे एक नाव आहे. मनिलाची बी, असा त्याचा सरळ अर्थ. दिवाळीच्या चिवड्यात तळलेले शेंगदाणे टाकताना आमच्या अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या गृहिणीला फिलिपाइन्सची आठवण होण्याचे काही कारण नाही. पण शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मिरची, मका, तंबाखू, सीताफळ, आणि पुणेकर ज्याला पेरू म्हणतात व आपण वऱ्हाडात जांब म्हणतो ते फळ, ही सारी मंडळीही अमेरिकेकडचीच. मिरची येण्यापूर्वी वऱ्हाडी माणूस जेवत तरी कसा असेल, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. यातले बरेच काही पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याच्या वाटेने आले, काही स्पॅनिशांच्या जहाजांतून मेक्सिकोहून मनिलाला गेले व तेथून आशियात पसरले. १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को या दोन बंदरांमध्ये ही जहाजे फेऱ्या घालीत होती.

बी-बियाण्याचे एक बरे असते. ते कोणत्याही मातीत रुजते, त्याला दुभाषी लागत नाही. माणसांना लागतो. आणि स्पॅनिशांच्या पहिल्या सफरींची जी हकीकत आपण शाळेत पाठ केली, तीतून हा दुभाषीच तेवढा गळून गेलेला आहे.

लहानपणी वडिलांबरोबर मी एका तालुक्याच्या कचेरीत गेलो होतो. मेळघाटातला एक कोरकू साक्षीला उभा होता. तो बराच वेळ बोलला, हातवारे करकरून बोलला. तो थांबल्यावर शेजारच्या दुभाष्याने साहेबांना सांगितले, "नाही म्हणतो." कचेरीत हशा पिकला. तो कोरकू हसणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. पुढे इतिहासाची पुस्तके हाती आली तेव्हा, या पानावर कोण बोलतो आहे आणि त्याचे बोलणे कोणाच्या तोंडून आपल्यापर्यंत आले आहे, हे पाहण्याची मला खोडच लागली.

मॅगेलन हा आपल्याला पृथ्वीप्रदक्षिणेचा वीर म्हणून ठाऊक आहे. तो जन्माने पोर्तुगीज, आणि त्याची उमेदवारी झाली ती आपल्याच समुद्रावर. १५०५ साली आल्मेदाच्या आरमारातून तो हिंदुस्थानात आला व मलबारच्या किनाऱ्यावर लढला. १५११ साली आल्बुकर्कने मलाक्का घेतले त्या स्वारीतही तो होता. तेथे त्याला एक मलायी गुलाम मिळाला. बाप्तिस्मा देऊन त्याचे नाव एन्रिके ठेवण्यात आले. पुढे पोर्तुगालच्या राजाशी बिनसल्यावर मॅगेलन स्पेनच्या चाकरीत गेला, तेव्हा हा एन्रिकेही बरोबर गेला. पाच जहाजांचा काफिला निघण्यापूर्वी, २४ ऑगस्ट १५१९ रोजी, मॅगेलनने सेव्हिलमध्ये मृत्युपत्र केले. त्यात स्वच्छ लिहिले आहे की, माझ्या मृत्यूनंतर एन्रिके गुलामीतून मुक्त व्हावा आणि त्याला दहा हजार मारावेदी, म्हणजे त्या वेळचे स्पॅनिश नाणे, देण्यात यावेत.

पुढचा प्रवास सर्वांना माहीत आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाची सामुद्रधुनी, मग पॅसिफिकवरचे तीन महिने वीस दिवस, कातडी उकडून खाण्याची पाळी. १६ मार्च १५२१ रोजी सामार बेटाचा डोंगर दिसला. पुढे बारा दिवसांनी लिमासावा बेटाजवळ आठ माणसांची एक होडी जहाजापाशी आली आणि एन्रिकेने त्यांना मलायीत हाक मारली. त्यांना ती समजली! पिगाफेट्टा हा इटालियन गृहस्थ या सफरीची रोजनिशी लिहीत होता. त्याने हा प्रसंग टिपला आहे. माझ्या मते त्या सबंध सफरीतला सर्वांत मोठा क्षण हाच. पश्चिमेकडे जाता जाता पूर्व लागते, हे नकाशाने सिद्ध होण्यापूर्वी एका गुलामाच्या जिभेने सिद्ध केले.

पुढे सेबूचा राजा हुमाबोन याच्याशी मैत्री, त्याचा बाप्तिस्मा, शेजारच्या माक्तान बेटावरील लापुलापुशी वैर, हे सारे महिन्याभरात उरकले. २७ एप्रिल रोजी माक्तानच्या उथळ पाण्यात लापुलापुच्या माणसांनी मॅगेलनला ठार केले. मृत्युपत्राप्रमाणे त्या क्षणी एन्रिके मोकळा झाला. पण दुआर्ते बार्बोसा या नव्या सरदाराने त्याला बजावले की, मालक मेला म्हणून तू सुटलास असे समजू नकोस. स्पेनला पोहोचलास की मालकिणीचा गुलाम राहशील, आणि आत्ता कामाला उठला नाहीस तर फटके खाशील. एन्रिके उठला व किनाऱ्यावर गेला. १ मे रोजी हुमाबोनने स्पॅनिशांना मेजवानीला बोलावले आणि पंचवीसएक माणसांची कत्तल केली. बार्बोसाही त्यात मारला गेला. पिगाफेट्टा म्हणतो, हा कट एन्रिकेने शिजवला. असेलही. परंतु त्या दिवशीच्या मृतांची जी यादी स्पेनच्या दप्तरात आहे, तीत एन्रिकेचेही नाव आहे. फितूर ठरवायला दुभाष्यासारखा सोयीचा माणूस दुसरा नाही. दोन्ही बाजूंचे बोलणे त्याला एकट्यालाच कळलेले असते. त्याची स्वतःची हकीकत मात्र कोणी लिहून ठेवली नाही.

त्याच सुमारास आपल्या अचलपुरात अल्लाउद्दीन इमादशहाचे राज्य होते. या घराण्याचा मूळपुरुष फतहुल्ला हा विजयनगरच्या मुलखातून कैद करून आणलेला ब्राह्मणाचा मुलगा, असे फिरिश्ता सांगतो. तो पुढे वऱ्हाडचा स्वामी झाला. माणसे अशी एका भाषेतून उचलून दुसऱ्या भाषेत टाकली जाण्याचा तो काळच होता. कोणी त्यातून तख्तावर चढला, कोणी मृतांच्या यादीत गेला.

पिगाफेट्टाने त्या बेटांवरचे शब्दही जमवले. तेथील सरदारांना 'राजा' म्हणतात हे त्याने लिहिले. तो शब्द कोठून आला हे त्याला समजण्याजोगे नव्हते. आपल्याला ते सांगायला नको. आजच्या तागालोग भाषेत तोंडाला 'मुखा', शिक्षकाला 'गुरो' आणि दरिद्री माणसाला 'दुखा' म्हणतात. आपला लक्ष तेथे 'लक्सा' झाला, मात्र प्रवासात त्याचे एक शून्य गळाले व तो दहा हजारांवर आला.

१९८९ साली मनिलाजवळच्या लगुना प्रांतात नदीच्या मुखाशी वाळू उपसताना एक पातळ ताम्रपट सापडला. काळवंडलेला, चुरगळलेला. आंतोन पोस्तमा या डच अभ्यासकाने तो वाचला. लिपी जावा बेटाकडची कावी. भाषा जुनी मलायी, तीत संस्कृत शब्दांचा भरणा. आरंभ 'स्वस्ति' असा, आणि मग तिथी: शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. इसवी सनाच्या हिशोबाने २१ एप्रिल ९००. पाडव्याला नवे पंचांग आणून आपण ज्या शालिवाहन शकाचा आकडा वाचतो, तोच हा शक. मॅगेलनच्या आधी सहाशे एकवीस वर्षे!

आणि मजकूर काय? तर फारखती. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. नामवरान नावाच्या माणसाच्या अंगावर एक काटी आठ सुवर्ण इतके सोन्याचे कर्ज होते. ते माफ झाल्याचा हा लेख आहे. नामवरानची मुलगी आंगकातान व तिचा भाऊ बुकाह यांच्या नावे तो करून दिला आहे, आणि पुढे कोणी हे कर्ज उकरून काढले तर उपयोगी पडावा म्हणून साक्षीदार सरदारांची नावे घातली आहेत. आज मनिला शहरात सामावलेल्या तोंदोचाही त्यात उल्लेख आहे. ताम्रपटावर कोरलेला मुलीबाळांचा मोकळेपणा एकीकडे आणि सेव्हिलच्या कागदावर लिहिलेला एन्रिकेचा मोकळेपणा दुसरीकडे. या दोहोंतले रानटी कोण आणि सुधारलेले कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

असो. मॅगेलननंतर चव्वेचाळीस वर्षे स्पॅनिशांना त्या बेटांवर पाय रोवता आले नाहीत. १५४३ च्या सुमारास व्हिल्यालोबोसच्या सफरीत युवराज फिलिपचे नाव बेटांना मिळाले. १५६५ मध्ये लेगास्पी सेबूला उतरला आणि १५७१ मध्ये त्याने मनिला हे ठाणे केले. पुढे १५८० साली हाच फिलिप पोर्तुगालच्याही गादीचा धनी झाला. त्यामुळे १६४० पर्यंत गोवा, वसई, मलाक्का आणि मनिला या सर्वांवर एकाच राजाची मोहोर होती. मोहोर एक असली तरी मने एक नव्हती. जपानात मकावच्या वाटेने पोर्तुगीज व्यापारी व जेसुइट पाद्री जात. मनिलाचे स्पॅनिश व त्यांचे फ्रान्सिस्कन पाद्री तेथे शिरू नयेत म्हणून ते डोळ्यांत तेल घालून जपत.

या चुरशीत सापडला आपला वसईकर. गोन्सालो गार्सिया याचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईचा. बाप पोर्तुगीज, आई तेथलीच. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे येऊन वीस-बावीस वर्षे झाली होती. किल्ल्यातल्या जेसुइटांच्या शाळेत तो शिकला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी पाद्र्यांबरोबर जपानला गेला. तेथे त्याने कैक वर्षे धर्मप्रचारकाचे काम केले आणि जपानी भाषा अशी आत्मसात केली की, युरोपातून आलेल्या मोठमोठ्या विद्वानांना ती तशी येत नव्हती. जेसुइट संघात घ्यावे म्हणून त्याने खटपट केली. ती फळली नाही. देशी रक्ताच्या माणसाला त्या संघाचे दार त्या काळी सहसा उघडत नसे. तेव्हा तो व्यापारात पडला, पैसा मिळवला, आणि अखेर मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला. पाद्रीपद नाही, धार्मिक अधिकार नाही. संघातली पडेल ती कामे करायची.

परंतु १५९३ साली मनिलाच्या सुभेदाराला त्याचीच गरज पडली. जपानचा सर्वाधिकारी हिदेयोशी याने फिलिपाइन्सला मांडलिक होण्याचा हुकूम पाठवला होता. सुभेदार दासमारिन्यास याच्याजवळ फौज थोडी. पत्र खरे की खोटे अशी शंका काढून त्याने पहिला वकील पाठवला. तो परतताना फोर्मोसाकडे दगावला. दुसरा वकील फ्रान्सिस्कन पाद्री पेद्रो बाउतिस्ता, आणि त्याची जीभ म्हणजे गोन्सालो. कोरियाच्या स्वारीसाठी हिदेयोशीने नागोयाला तळ दिला होता. तेथे त्यांची भेट झाली. ज्याच्या शब्दासरशी डोकी उडत अशा माणसाला 'मांडलिकी पत्करत नाही' हे सांगायचे, आणि ते त्याला अपमान वाटू नये असे सांगायचे! स्पेनच्या राजाची आज्ञा येईपर्यंत आम्ही ओलीस राहतो, असा तोडगा निघाला. पाद्री जपानात राहिले. क्योतो येथे त्यांनी मठ बांधला आणि महारोग्यांसाठी दवाखाना चालवला. मनिलावर स्वारी आली नाही.

१५९६ साली चांदबिबीने तह करून वऱ्हाड अकबराला दिले. त्याच वर्षी मनिलाहून आकापुल्कोला निघालेले 'सान फेलिपे' हे मालाने भरलेले जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्यावर लागले. हिदेयोशीच्या अंमलदाराने माल जप्त केला. तेव्हा जहाजाच्या सुकाणूकाराने नकाशा पसरून फुशारकी मारली की, आमचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मागून सैन्य. ही गोष्ट जेसुइटांनी लिहिली. फ्रान्सिस्कनांनी ती नाकारली व पोर्तुगीजांनीच हिदेयोशीचे कान फुंकले असे उलट लिहिले. सुकाणूकार नेमके काय बोलला आणि ते जपानीत कसे उतरले, यावर अभ्यासक अजून भांडत आहेत. गोन्सालो त्या वेळी तेथे नव्हता. त्याने असता तर ते वाक्य कसे सांगितले असते, असे माझ्या मनात येते खरे.

शिक्षा झाली ती मात्र त्याला. डिसेंबरात पाद्री पकडले गेले. क्योतोत प्रत्येकाचा एकेक कान कापला, धिंड काढली, आणि ऐन हिवाळ्यात त्यांना महिनाभर चालवत नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी समुद्राकाठच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारले. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा, एक वसईचा. १८६२ साली रोमने या सर्वांना संत म्हणून जाहीर केले.

हे सारे ज्या ग्रंथांत नोंदले आहे त्यांपैकी एक म्हणजे मनिलात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या आंतोनियो दे मोर्गाचे फिलिपाइन्सवरील पुस्तक. ते १६०९ साली मेक्सिकोत छापले गेले. जवळजवळ तीनशे वर्षांनी होसे रिझाल या फिलिपिनो तरुणाने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून ते हाताने उतरवून घेतले, पानोपानी आपल्या टीपा जोडल्या, आणि १८९० साली पॅरिसमध्ये पुन्हा छापले. स्पॅनिश येण्यापूर्वी आम्ही कोण होतो, हे स्पॅनिशाच्याच तोंडून आपल्या लोकांना ऐकवायचे, हा त्याचा हेतू. लगुनाचा ताम्रपट तेव्हा नदीच्या वाळूत पडून होता, आणि रिझाल जन्माने त्याच लगुना प्रांताचा! ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिशांनी मनिलात त्याला गोळ्या घातल्या. आपल्याकडे राजवाड्यांचा मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला तो १८९८ साली.

वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतला, हे आपल्याकडे पोरालाही माहीत असते. मी तो पाहायला गेलो तो त्याच पराक्रमाच्या ओढीने. आत जेसुइटांच्या देवळाची उंच दगडी दर्शनी भिंत उभी आहे, आणि तिथले लोक त्या देवळाला गोन्सालो गार्सियाचेच देऊळ म्हणतात. ज्या संघाने त्याला आत घेतले नाही, त्याचेच ते देऊळ. नागासाकीच्या टेकडीवर १९६२ साली सव्वीस जणांचे स्मारक उभारले गेले. कांशाच्या सव्वीस मूर्ती एका रांगेत आहेत, आणि त्यांत हा वसईकरही आहे.