चंद्राकडे गेलेला हिरवा किरण

अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळ्याला चंद्र किती लांब आहे, हे विचारून उपयोग नाही. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, एवढा चंद्र त्याच्या धंद्याला पुरतो. पण गंमत अशी, की याच भरती-ओहोटीपायी चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर आपल्यापासून दूर सरकतो आहे. समुद्राचा फुगवटा पृथ्वीच्या फिरण्याने चंद्राच्या थोडा पुढे जातो आणि त्याला पुढे ओढत राहतो.

हे बोटभर सरकणे मोजले कसे? जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या वीरांनी चंद्रावर एक खास आरसा ठेवला. साधा आरसा किरण भलतीकडे फेकतो; यातले काचेचे लोलक मात्र किरण जिकडून आला तिकडेच परत धाडतात. पृथ्वीवरून लेसर सोडायचा आणि अडीच सेकंदांनी परतणारा क्षीण उजेड टिपायचा. त्या वेळेवरून अंतर निघते.

चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाचे काय? नासाचे ‘लूनर रिकनिसन्स ऑर्बिटर’ १८ जून २००९ ला निघाले. चंद्रावरच्या डोंगर-दऱ्यांची उंची लेसरने मोजणे हे त्याचे एक काम. पण मोजणाराच नेमका कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर नकाशा काय कामाचा? म्हणून अमेरिकेत मेरीलँडमधल्या ग्रीनबेल्ट इथून सेकंदाला २८ वेळा हिरव्या लेसरचे ठोके यानाकडे जाऊ लागले. जर्मनी, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथली केंद्रेही साथीला आली. ढग आले की काम बंद!

इथे किरण परत येण्याची वाट पाहायची नव्हती. यानावरची छोटी दुर्बीण तो पकडायची आणि आल्याची वेळ नोंदवायची. निघाल्याची वेळ पृथ्वीवर नोंदलेली असेच. मेख होती ती घड्याळांत. दोन्ही घड्याळे जुळली पाहिजेत. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरक पडला, तरी यान तीनशे मीटर भलत्या जागी दिसणार. ते फरक हिशेबात धरून शास्त्रज्ञांनी मोजणीतली चूक साधारण वीतभरावर आणली.

मार्च २०१२ मध्ये याच किरणावरून मोनालिसाचे चित्र यानाला पाठवले गेले. चित्राचे ठिपके केले १५२ गुणिले २००. प्रत्येक ठिपक्याची करडी छटा त्या ठोक्याला किती उशीर केला, यावरून ठरायची. उजेड कधी आला, एवढ्यावर चेहरा उभा राहिला! कवितेत ओळीमधल्या थांब्याला किती अर्थ असतो, हे जाणणाऱ्या माणसाला याचे फार अप्रूप वाटते. वाटेत हवेने काही ठिपके गिळले. सीडीत वापरतात तशा दुरुस्तीच्या संकेताने ते भरून काढले.

ही एकतर्फी मोजणी २०१४ पर्यंत चालली. यानावर पुस्तकाएवढा एक आरसाही होता. त्याच्यावरून परतलेला किरण फ्रान्समधल्या ग्रास इथल्या केंद्राने ४ सप्टेंबर २०१८ रोजी प्रथम टिपला.

आता आपला विक्रम. चांद्रयान-२ च्या विक्रमवर नासाने दिलेला असाच छोटा आरसा होता. सप्टेंबर २०१९ मध्ये तो लँडरबरोबर आदळला. चांद्रयान-३ चा विक्रम मात्र २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला अलगद उतरला. त्याच्यावर जेमतेम पाच सेंटिमीटर रुंदीचा, आठ लोलकांचा आरसा. सप्टेंबरात चंद्रावरची रात्र झाली, विक्रम झोपला तो पुन्हा उठला नाही. आरशाला मात्र वीज लागत नाही. ऑर्बिटरने वरून लेसर टाकून पाहिला. त्याच्या किरणांमध्ये फटी असतात, त्यामुळे नेम चुकत राहिला. आठव्या प्रयत्नात, १२ डिसेंबर २०२३ रोजी, सुमारे शंभर किलोमीटरवरून विक्रमचा उजेड परत आला.