देवी डॉक्टरपासून आशाताईपर्यंत: नांदेड-लातूरचे बाललसीकरण

देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा लागू पडली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. सक्ती यायला त्यानंतर पाऊणशे वर्षे गेली. मुंबई शहरासाठी १८७७ मध्ये कायदा झाला आणि १८८० च्या लसीकरण कायद्याने जिथे तो लागू केला जाईल तिथे सहा महिन्यांवरील मुलाला देवी टोचून घेण्याची जबाबदारी पालकांवर टाकली. मुलगा चौदा वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत ती जबाबदारी राहत असे. नांदेड आणि लातूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होते. इंग्रजांचा कायदा या मुलखाच्या शिवेवर थांबत होता. तिथे लस पोहोचली ती टोचणाऱ्या सरकारी नोकरांच्या हातून, आणि गावोगाव ‘देवी डॉक्टर’ हेच त्यांचे नाव रूढ झाले.

पालकांच्या विरोधाला नुसते अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. देवी येणे म्हणजे घरात माता येणे असे मानले जाई. घरात फोडणी बंद होई, अंथरुणाशी कडुनिंबाचा पाला ठेवला जाई आणि आजारी मुलाशी अदबीने बोलले जाई. अशा घरात सुई घेऊन येणारा माणूस म्हणजे मातेच्या वाटेत आडवा येणारा. त्यात जुनी पद्धत दंडावरून दंडावर लस नेण्याची होती. टोचल्यानंतर आठवडाभराने फोड भरला की त्यातला द्रव काढून तो पुढच्या मुलाला टोचत. आपल्या लेकराचा पिकलेला फोड पुन्हा उकरू देणे कोणत्याही आईला जड जाणार. शिवाय तो द्रव कोणत्या जातीच्या मुलाच्या अंगातून आला, हा प्रश्न त्या काळच्या समाजात उठणारच. वासराच्या अंगावर तयार केलेली लस आल्यावर यातला बराचसा भाग मिटला.

उन्हाळ्यात लस टिकत नसे, म्हणून टोचणीचा हंगाम थंडीचा असे. मराठवाड्यासारख्या तापणाऱ्या मुलखात तर दुसरा मार्गच नव्हता.

निजामाची राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली. १९६२ मध्ये देशभर देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेल्याने लस हा तालुक्याच्या रोजच्या कारभाराचा भाग बनला. आधी दातेरी चकती दंडावर दाबून फिरवत. नंतर दोन टोकांची सुई आली. चकतीचे गोल व्रण जुन्या पिढीच्या दंडावर आजही दिसतात. १९७५ च्या मे महिन्यात देशातला शेवटचा रुग्ण आसामात सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. रोगच दिसेनासा झाल्यावर लसीवरचा वाद आपोआप सुटला.

मात्र त्याच सुमारास सरकारी सुईवरचा विश्वास दुसऱ्याच कारणाने डळमळला. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण भीती उरली. १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाल्यावर ‘डोसाने मूल होत नाही’ ही अफवा देशाच्या अनेक भागांत पसरली, तिची मुळे याच भीतीत होती. डोस पाजणारे डाव्या करंगळीला शाईची खूण करत आणि दारावर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’ लिहीत. ‘एक्स’ म्हणजे मूल राहिले. त्या घरी पुन्हा जायचे. दंड नाही, फिर्याद नाही, फक्त पुन्हा पुन्हा जाणे. १८८० च्या कायद्यापेक्षा ही चिकाटी अधिक उपयोगी पडली असे म्हणायला हरकत नाही. वन्य पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला.

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला आणि १९९० पर्यंत देशातल्या सर्व जिल्ह्यांत पोहोचला. त्यामागे पालकांना शिक्षा करणारा कायदा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बोलके आहेत: राज्यात सर्व लसी पूर्ण झालेली एक ते दोन वर्षांची मुले १९९८-९९ मध्ये सुमारे ७८ टक्के होती, २००५-०६ मध्ये ५९, २०१५-१६ मध्ये ५६, आणि २०१९-२१ मध्ये ७३ टक्क्यांच्या वर. हे चढउतार नकारापेक्षा यंत्रणेच्या पोहोचीचे अधिक आहेत. लसीकरणातून सुटलेल्या मुलांसाठीच्या मिशन इंद्रधनुषच्या २०१५ मधल्या पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत नांदेड होते, लातूर नव्हते.

नांदेडचा किनवट-माहूर हा डोंगराळ आदिवासी भाग पोहोचायला अवघड आहेच. पण दोन्ही जिल्ह्यांची सामाईक अडचण स्थलांतराची आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले कुटुंब थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. पूर्वी देवी डॉक्टर फिरत त्याच थंडीच्या महिन्यांत बाळ आता साखर कारखान्याच्या कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, असते आणि त्याचे लसीकरण कार्ड बहुधा गावाकडच्या पेटीत. गावच्या आशाताईला, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकेला, बाळ सापडत नाही. कारखान्याच्या गावातल्या आशाताईच्या यादीत त्याचे नाव नसते.

गोवर-रुबेला मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्यात सुरू झाली, तेव्हा नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना शाळेत लस देताना मूल न होण्याची जुनी शंका व्हॉट्सॲपवरून फिरली. कोविडच्या काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, मराठवाड्यातल्याच औरंगाबाद जिल्ह्यात लस न घेतलेल्यांना पेट्रोल आणि रेशन नाकारण्याचा आदेश निघाला. मराठवाड्याने सक्तीचा इतका उघड प्रयोग बाळांच्या लसीसाठी पाहिलेला नव्हता. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लसीची सक्ती करता येत नाही असा निकाल दिला, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालण्याची सरकारची मुभा कायम ठेवली.