पाच वेधशाळा, तीन सर्किटं

चुकणाऱ्या भागांपासून भरवशाचं यंत्र कसं बनवायचं? हा प्रश्न चिप बनवणाऱ्यांच्या आधी जयपूरच्या चारदीवारीत, जंतरमंतर बांधताना विचारला गेला होता.

१७२७ साली जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंगाचा पितळी उपकरणांवरचा विश्वास उडाला होता. ती लहान, त्यांचे आस झिजणारे. म्हणून त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रं बांधली. शिवाय वेध ताडून पाहता यावेत म्हणून दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी, उज्जैन अशा पाच वेधशाळा! टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणणारे त्याच्या दरबारातले जगन्नाथ सम्राट हे आपले मराठी पंडित, बरं का.

हाच विचार डिजिटल सर्किटांत आला. १९५६ साली जॉन फॉन नॉयमन यांचा निबंध छापून आला: एकच काम अनेक भागांना द्या आणि बहुमत घ्या. समजा, प्रत्येक सर्किट शंभरात एकदा चुकतं. तिघांचं बहुमत चुकण्याची शक्यता दहा हजारांत जेमतेम तीन! सॅटर्न ५ रॉकेटच्या संगणकात अशीच तिहेरी सर्किटं होती.

मात्र मतं मोजणारं सर्किट धड हवं, आणि तिघांच्या चुका स्वतंत्र हव्यात. इथेच खरी गोम आहे. जयपूरच्या सम्राट यंत्रावर दोन सेकंदांपर्यंतच्या खुणा आहेत. पण सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचं, त्यामुळे सावलीची कड सुमारे दोन मिनिटांइतकी धूसर. वेधशाळा पाच असल्या तरी सूर्य तोच, धूसरपणा तोच. तसंच, मूळ आराखडाच चुकला तर तिन्ही सर्किटं एकमताने चुकतात. म्हणून एअरबस ए३२० विमानात नियंत्रणासाठी दोन वेगळ्या प्रकारचे संगणक, वेगवेगळ्या प्रोसेसरांवर चालणारे, बसवले गेले.